रंगीत पानांचा पक्ष

बाग म्हटली की आपल्याकडे प्रथम फुलाची आठवण होते, मागून फळाची. पान हे या दोहोंच्या चाकरीसाठीच झाडाला लाभलेले असते, अशी आपली समजूत असते. तेव्हा ज्या झाडांना नाव घेण्याजोगे फूल नाही, खाण्याजोगे फळ नाही आणि सुगंध तर नाहीच, अशी झाडे केवळ पानांवरच्या तांबड्या, पिवळ्या, जांभळ्या रंगांच्या ओढीने जो मनुष्य कुंड्यांतून वाढवितो, ऋतूप्रमाणे त्यांच्या जागा बदलतो आणि त्यांच्या एकेका पानाची विचारपूस करतो, त्याच्या या उद्योगाचे समर्थन कोणत्या आधारावर करावे? हा प्रश्न पुण्यातील माझे वयोवृद्ध स्नेही रावसाहेब आणि चिपळूणचे त्यांचे शाळासोबती वैद्यबुवा यांच्यामध्ये बरीच वर्षे वादग्रस्त आहे. महसूल खात्यातून निवृत्त झाल्यापासून रावसाहेबांनी आपला सारा वेळ पर्णशोभेच्या झाडांना वाहिला. वैद्यबुवांच्या परसात मात्र औषधी गुणाची खातरजमा झाल्याखेरीज कोणत्याही झाडाला प्रवेश नाही. दोघांचीही बाजू मला विचारात घेण्याजोगी वाटते, म्हणून यंदा त्यांचे जे संभाषण झाले ते येथे देत आहे.

वैद्यबुवा : रावसाहेब, ओसरीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर आणि गच्चीच्या कठड्याशी तुम्ही मांडलेल्या कुंड्या मी सकाळी सावकाश हिंडून पाहिल्या. क्रोटनची पिवळी, शेंदरी, काळपट तांबडी पाने पाहिली. कोलियसचे मखमली काठ पाहिले. आणि ज्यांतून उजेड आरपार दिसतो ती कॅलेडियमची बाणाच्या टोकासारखी पानेही पाहिली. डोळ्यांना ती बरी वाटली, हे मी नाकारीत नाही. परंतु माझ्या परसात अडुळसा आहे, निर्गुंडी आहे, गुळवेल आहे, शतावरी आहे. त्यांतल्या प्रत्येकाकडे बोट दाखवून, हे झाड मी कोणाच्या दुखण्यासाठी राखले आहे, हे मला सांगता येते. तुम्हाला यांतल्या एका तरी झाडाविषयी असे काही सांगता येईल काय?

रावसाहेब : दुखण्यासाठी म्हणाल तर येणार नाही. पण पानाकडे केवळ पान म्हणून आदराने पाहण्याची रीत मी काढलेली नाही, ती आपल्या घरचीच आहे. भाद्रपदात गणपतीला आपण एकवीस पत्री वाहतो. दूर्वा, शमी, बेल, आघाडा, माका, डोरली, मरवा अशी पाने मुलाबाळांकडून गोळा करवितो, आणि त्या दिवशी फुलापेक्षा पत्रीचा मान तसूभरही कमी मानीत नाही. हरतालिकेला आणि मंगळागौरीलाही तोच शिरस्ता. ज्या समाजाने पानांची अशी गणना केली, एकाचे दुसऱ्याहून निराळेपण नावानिशी ओळखले, त्या समाजातल्या एखाद्याने पानांचीच बाग केली, तर त्यात परंपरा सोडून काय झाले?

वैद्यबुवा : दाखला तुम्ही दिलात खरा, पण तो माझ्या बाजूचा आहे. त्या यादीतील माका घ्या, आघाडा घ्या, डोरली घ्या, अर्जुन घ्या; त्यांतले बहुतेक सारे माझ्या औषधांच्या कपाटात आहेत. पूजेच्या निमित्ताने मुलांना वनौषधींची ओळख व्हावी, हाही त्या प्रथेचा एक लाभच आहे. तुमच्या कोलियसच्याच कुळातला पानओवा माझ्या दारात आहे, आणि त्याचा रस मधातून दिल्याने खोकल्याला उतार पडतो, हे आमच्या आळीतल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. तुमचा कोलियस मात्र शेजारच्या मुलाचा खोकला ऐकत उभा राहील. बौद्ध परंपरेतील जीवकाची कथा तुम्हाला आठवत असेल. तक्षशिलेच्या गुरूने त्याला आज्ञा केली की, नगराभोवती योजनभर हिंडून, जिच्यात औषधी गुण नाही अशी वनस्पती घेऊन ये. आणि जीवक रिकाम्या हाताने परतला, म्हणून गुरूने त्याची विद्या पूर्ण झाली असे मानले. आम्ही त्या मार्गाचे वारस आहोत.

रावसाहेब : मग त्या कथेचा अर्थ शेवटपर्यंत नेऊ. जीवकाला गुणहीन वनस्पती सापडली नाही याचे कारण, प्रत्येकीपाशी थांबून त्याने तिला पाहिले. गुण आधी ठाऊक असलेल्या झाडांपाशीच तो थांबला असता, तर त्याची परीक्षा झालीच नसती. मी क्रोटनमधून काढा निघतो असे म्हणत नाही. उलट एरंडाच्या कुळातल्या या झाडाचा चीक कातडीला त्रास देतो, म्हणून छाटणी झाल्यावर मी हात धुतो आणि इतरांनाही धुवायला सांगतो. माझे म्हणणे एवढेच की, ज्याचा उपयोग अजून सिद्ध झाला नाही त्याच्यापाशीही थांबून पाहावे, हा तुमच्याच शास्त्राचा पहिला धडा आहे, आणि माझी पाने मला तो रोज शिकवितात.

वैद्यबुवा : थांबून पाहायचे तर आपल्या मातीतले पाहावे. ही सारी झाडे परमुलखातून आणलेली. आपल्या डोंगरात त्यांची वहिवाट नाही, आपल्या वाङ्मयात त्यांचे नाव नाही.

रावसाहेब : परमुलूख म्हणजे कोणता, हे थोडे तपशिलाने पाहू. क्रोटनचा मूळ मुलूख मोलुक्का बेटांपासून फिजीकडे पसरलेला आहे. सतराव्या शतकात डचांच्या नोकरीत आंबोन बेटावर राहिलेल्या रुम्फियसने त्याचे वर्णन केले. त्या गृहस्थाची दृष्टी १६७० साली गेली, तरीही त्याने वनस्पतींचे काम सोडले नाही, आणि त्याचा ग्रंथ छापला जाऊ लागला तो त्याच्या मृत्यूनंतर, १७४१ मध्ये. कोलियस जावाकडचा, कॅलेडियम दक्षिण अमेरिकेतला, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या पानावर रुपेरी पट्टा असतो तो रेक्स बेगोनिया मूळचा आसामातला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो युरोपात पोहोचला, तेथे त्याचे शेकडो संकर झाले, आणि आज तो परदेशी पाहुणा म्हणून आपल्याकडे विकला जातो. या सर्व प्रवासाच्या मुळाशी तुमच्याच व्यवसायातला एक गृहस्थ आहे. लंडनमधले डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ साली पतंगाचा कोष पाहण्यासाठी बंद काचेच्या बरणीत ओलसर माती ठेवली. तीत एक नेचा उगवला आणि बाहेरचे पाणी न मिळताही जगला. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या करविल्या, आणि १८३३ मध्ये अशा दोन पेट्यांतून रोपे जिवंतपणी सिडनीला पोहोचली. पुढे याच पेट्यांतून चहाची रोपे चीनमधून हिमालयाच्या उतारावर आली, आणि तापावरचे औषध देणारा सिंकोना निलगिरीपर्यंत आणण्याच्या खटाटोपातही याच पेट्या होत्या. ज्या पेटीतून तुमचे औषध आले तिच्यातूनच माझे रंगीत पान आले. पहिल्याला स्वागत आणि दुसऱ्याला मज्जाव, असा भेद केवळ परकेपणाच्या कारणाने करता येणार नाही.

वैद्यबुवा : परकेपणाच्या कारणाने नसेल, पण परिणामाच्या कारणाने करता येईल. घाणेरी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आली ती बागेची शोभा म्हणूनच. आज सह्याद्रीच्या उतारावर गुरांच्या चाऱ्याची जागा तिने बळकावली आहे. जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने आणलेली. तुमच्या पुण्याच्या नद्यांवर उन्हाळ्यात तिचा थर किती दाट साचतो, हे तुम्ही माझ्याहून अधिक जवळून पाहता. शोभेपुरते म्हणून आणलेल्याने हद्द ओलांडली, म्हणजे त्याला माघारी धाडण्याचा हुकूम कोणी काढू शकत नाही. सौंदर्याच्या नावाखाली झालेल्या या हानीचे उत्तर तुमच्यापाशी आहे काय?

रावसाहेब : त्या हानीचे समर्थन मी करणार नाही. तुमची ही हरकत सर्वांत वजनदार आहे, आणि ती मान्य करूनच मी माझी बाग चालवितो. जे झाड आपण आणतो त्याच्या वाढीबरोबर त्याच्या विस्ताराचा बंदोबस्तही आपल्याच शिरावर येतो. मनीप्लांट, सिंगोनियम, जांभळी ट्रॅडेस्कँशिया यांचा तुटका वीतभर तुकडासुद्धा ओल्या जागी मूळ धरतो. म्हणून त्यांची छाटण मी ओढ्याकाठी किंवा टेकडीवर टाकू देत नाही, ती आधी कडक उन्हात पूर्ण वाळवितो आणि मगच खताच्या खड्ड्यात घालतो. अशी झाडे कुंडीतच ठेवतो, जमिनीत सोडीत नाही. आणि मधमाश्या-फुलपाखरांचे पोट रंगीत पानांवर भरत नाही हे जाणून, कुंपणाला अडुळसा आणि दारात तुळस मीही लाविली आहे. हे पथ्य ज्याला पाळावयाचे नाही त्याने ही झाडे आणूच नयेत, इतके मी स्पष्ट म्हणेन.

वैद्यबुवा : पथ्य हा शब्द तुम्ही काढलात, तर दुसरी शंका विचारतो. आमच्या चिपळुणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. क्रोटनची फांदी आषाढात कुंपणाला खोचली की ती लागते, आणि पुढे तिच्याकडे कोणी पाहत नाही. तुमच्या पुण्यात पाऊस सातशेच्या आसपास, वैशाखातली हवा कोरडी आणि माघातली पहाट गारठ्याची. जे झाड तिकडे आपोआप जगते, त्याला येथे जुलमाने जगविण्यात झाडाचे हित ते काय?

रावसाहेब : जुलूम होतो तो झाडाची गरज न ओळखता त्याला ठेवण्याने, गरज ओळखली तर पुण्यातही ते सुखाने राहते. पहिली गरज उजेडाची, आणि ती प्रत्येकाची निराळी. क्रोटनला रोज चार-पाच तास ऊन लागते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेला क्रोटन नवी पाने हिरवीच काढू लागतो, आणि धनी मात्र नर्सरीवाल्याला दोष देत राहतो. कोलियसला सकाळचे कोवळे ऊन मानवते. कॅलेडियम, कॅलेथिया आणि अ‍ॅग्लोनेमा ही रानाच्या छायेतली झाडे. त्यांना भरपूर उजेड द्यावा, पण दुपारचे ऊन अंगावर घेऊ देऊ नये, कारण पानाचा पांढरा भाग प्रथम करपतो. दुसरी गरज दमट हवेची. कोरड्या दिवसांत मी कुंड्या एकमेकींजवळ दाटीने मांडतो, त्यांच्याखाली ओल्या खड्यांचे ताट ठेवतो, आणि वैशाखात गच्चीवर हिरवी जाळी बांधतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कॅलेथियाच्या पानांची टोके तपकिरी होतात, म्हणून तिच्यापुरते पावसाचे पाणी पिंपात साठवितो. तिसरी गरज मुळांना हवा मिळण्याची. एक भाग पोयटा, एक भाग रेती आणि दोन भाग चांगले कुजलेले पानखत, वर मूठभर निंबोळी पेंड, असे मिश्रण मी भरतो. आणि माती बोटाच्या एका पेराइतकी कोरडी लागेपर्यंत पाणी देत नाही. या झाडांपैकी तहानेने जितकी मरतात त्याहून अधिक, मालकाच्या प्रेमाने रोज ओतलेल्या पाण्यात मुळे कुजून मरतात.

वैद्यबुवा : म्हणजे रोग्याचे बलाबल पाहून मात्रा ठरविण्याचाच प्रकार झाला.

रावसाहेब : तोच. आणि रोगी जशी जबानी देतो तशी पानही देते, फक्त ती डोळ्यांनी वाचावी लागते. क्रोटनची खालची पाने एकाएकी गळाली तर प्रथम आठवावे की, गेल्या पंधरवड्यात त्याची जागा हलविली होती काय. जागा बदलली की तो पाने टाकतो आणि स्थिरावला की पुन्हा धरतो, तेव्हा घाबरून त्याला आणखी एकदा हलवू नये. पानाच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. आरंभी सापडला तर ओल्या फडक्याने पुसून काढता येतो. उन्हाळ्यात पानावर बारीक फिके ठिपके उठले आणि मागे अगदी सूक्ष्म जाळे दिसले, तर तो लाल कोळी, आणि पानाच्या मागच्या बाजूला पाण्याचा फवारा हा त्यावरचा पहिला उपचार. खताच्या बाबतीतही बेताने वागावे; नत्राची मात्रा वाढली की पाने मोठी आणि हिरवीगार होतात व रंग मागे पडतो.

वैद्यबुवा : निदानाची ही पद्धत मला पटते. पण मूळ प्रश्न उरतोच, की हा रंग झाडाच्या कोणत्या कामाचा? हिरवा रंग अन्न करतो हे शाळेत शिकलो. मग तांबड्या पानाचे झाड जगते कशावर?

यावर रावसाहेबांनी उत्तर न देता सुनेकडून एक लहान पातेले मागून घेतले, गर्द तांबड्या कोलियसची दोन पाने खुडून आणली, पाण्याला उकळी फुटल्यावर ती आत सोडली आणि वैद्यबुवांना जवळ बोलाविले. थोड्याच वेळात पाण्यात जांभूळसर रंग उतरू लागला आणि पानांवरची लाली विरत गेली. चमच्याने वर काढून पांढऱ्या बशीत पसरली तेव्हा ती दोन्ही पाने हिरवट दिसत होती. मग त्यांनी ते पाणी एका वाटीत ओतून त्यात लिंबाचे थेंब पिळले, आणि मळकट जांभळे पाणी स्वच्छ गुलाबी झाले.

रावसाहेब : पाहा, हिरवे द्रव्य तेथे होतेच, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून मागे राहिले. त्याच्यावर पसरलेला तांबडा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. तो पेशीतल्या रसात असतो, म्हणून पेशी फुटताच पाण्यात उतरला, आणि आंबटाच्या स्पर्शाने त्याची छटा बदलली. पिवळा आणि शेंदरी रंग पुष्कळदा निराळ्या द्रव्यांचा, म्हणजे कॅरोटिनॉइडांचा असतो. तांबड्या पानाचे झाडही हिरव्याच्या कमाईवर जगते. तांबडा थर तीव्र उन्हाचा काही भाग अडवितो आणि आतल्या हिरव्याला जपतो. म्हणून क्रोटनला उन्हात ठेवले की तो लाल होतो आणि सावलीत तो रंग धरीत नाही. पानाचा रंग हा झाडाने उजेडाशी केलेला व्यवहार आहे, आणि ज्याला हा व्यवहार समजला त्याला कुंडी कोठे ठेवावी हे वेगळे शिकवावे लागत नाही.

वैद्यबुवा : असे असेल तर ही शोभा पाहण्यासाठी जावाला किंवा ब्राझीलला जाण्याचे कारण नाही. फाल्गुन-चैत्रात आमच्या घाटात कुसुंबाला नवी पालवी फुटते, तेव्हा सबंध झाड रक्तवर्ण होते. आंब्याची कोवळी पाने तांबूस, लोंबती आणि रेशमासारखी मऊ असतात. पंधरा-वीस दिवसांत ती हिरवी होतात आणि कामाला लागतात. योग्य वेळी आलेला आणि योग्य वेळी गेलेला तो रंग मला अधिक थोर वाटतो. तुमच्या कुंडीतला रंग बारमाही, आणि म्हणून डोळ्यांना सवयीचा होणारा.

रावसाहेब : कुसुंबाच्या पालवीपुढे माझ्या साऱ्या कुंड्या फिक्या आहेत, हे मी आनंदाने कबूल करतो. पण तिच्या तांबडेपणातही हेच द्रव्य आहे. पान कोवळे असते, त्याची अन्न करण्याची शक्ती पुरती तयार झालेली नसते, तेव्हा उन्हापासून त्याला हे संरक्षण मिळते. कोलियसपाशी बसून मी हे शिकलो नसतो, तर वरंधा घाटातून जाताना कुसुंबाकडे ‘सुंदर’ म्हणून एकवार पाहिले असते आणि पुढे गेलो असतो. आणि बारमाही म्हणाल तर तसेही नाही. कॅलेडियम पाहा, कार्तिक-मार्गशीर्षात हवा गार होऊ लागली की त्याची पाने एकेक करून माना टाकतात, आणि नवशिका मनुष्य झाड मेले असे समजून कुंडी उलटी करतो किंवा त्याला जागे करण्यासाठी पाणी ओतून कंद कुजवितो. वास्तविक त्याने विश्रांतीची मुदत मागितलेली असते. तेव्हा पाणी थांबवावे, पाने आपोआप वाळू द्यावी, कंद काढून कोरड्या रेतीत उबदार जागी ठेवावे. वैशाखाच्या उष्म्यात डोळे फुगू लागले की दोन बोटे खोल लावावे, आणि पहिल्या पावसाबरोबर पाने उलगडताना पाहावी. त्या पानांची मी जितकी वाट पाहतो, तितकी तुम्ही कुसुंबाची पाहत असाल.

वैद्यबुवा : बरे, तांबड्याचा खटला तुम्ही जिंकलात असे समजू. पण पांढऱ्याचे काय? शाळेतला तो प्रयोग मला आठवतो. चट्टेपट्टे असलेले पान मद्यार्कात उकळून त्यातले हरितद्रव्य काढले आणि त्यावर आयोडीन घातले, तर जो भाग हिरवा होता तोच काळा-निळा होई. पांढऱ्या भागात पिष्टमय अन्नाचा पत्ता नसे. म्हणजे तो भाग कमावीत नाही, शेजारच्या हिरव्यावर पोसला जातो. माझ्या भाषेत हे वैगुण्य झाले. वैगुण्य निवडून काढायचे, वाढवायचे आणि प्रदर्शनात मांडायचे, ही रसिकता मला समजत नाही.

रावसाहेब : पुष्कळ झाडांच्या बाबतीत ते वैगुण्यच आहे, आणि मी ते लपविणार नाही. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट घ्या. त्याच्या पानाचे तुकडे करून मातीत खोचले तर त्यांना मुळे फुटतात, नवे कोंबही येतात, पण ते कोंब साधे हिरवे असतात. पिवळा काठ त्यांत उतरत नाही. कारण त्या पानात दोन प्रकारच्या पेशी थराथराने नांदत असतात, आणि नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून जन्मतो. काठ राखायचा असेल तर गड्ड्याची विभागणीच करावी लागते. ज्यांच्या रंगाची घडण अशी दुहेरी असते त्या झाडांवर कधीकधी एखादी फांदी निखळ हिरवी निघते. ती अधिक अन्न करते, अधिक जोमाने वाढते, आणि वेळीच छाटली नाही तर रंगीत फांद्यांना मागे सारून सारे झाड व्यापते. क्रोटनचे बी पेरले तर आईसारखेच मूल होईल याचा भरवसा नाही. म्हणून आवडीचा वाण राखण्यासाठी पावसाळ्याच्या आरंभी गुटी कलम करतात. फांदीची बोटभर रुंद साल वर्तुळाकार काढायची, त्यावर ओले शेवाळ बांधून प्लास्टिकने घट्ट गुंडाळायचे, आणि आतून पांढरी मुळे दिसू लागली की खालून कापून वेगळे लावायचे.

वैद्यबुवा : मग तुम्ही माझेच म्हणणे सिद्ध केलेत. निसर्ग ज्याला हिरव्याकडे परत नेऊ पाहतो, त्याला तुम्ही कात्री हाती घेऊन अडविता. ज्या दिवशी तुमचा हात थांबेल त्या दिवशी हा रंग संपेल. परावलंबी सौंदर्य निर्माण करण्याचा हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

रावसाहेब : अधिकाराची भाषा मी सोडून दिली आहे, वैद्यबुवा, मी कर्तव्याची भाषा बोलतो. माणसाच्या निवडीवर टिकलेले ते एवढेच नाही. बी नसलेले केळे, कलमी हापूस, ज्याच्या तांदळावर तुमची-माझी पिढी वाढली ते भाताचे वाण, हे सारे कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या निवडले आणि राखले म्हणून आपल्यापर्यंत आले. रंगीत पानही त्याच मालिकेतले. फरक इतकाच की, त्याने पोट भरत नाही. आणि पोट भरत नाही म्हणूनच त्याच्याकडे माझे लक्ष स्वार्थावाचून जाते. आंब्याकडे पाहताना माझ्या मनात पेटी येते. क्रोटनकडे पाहताना, त्याला आज काय हवे आहे, यापलीकडे विचार करण्याजोगे काही नसते. ज्या झाडाचे जगणे आपण आपल्या हातावर अवलंबून ठेवले, त्याला त्याचा उजेड, त्याची विश्रांती आणि त्याची मर्यादा नेमून देणे हे आपल्यावर बंधनकारक आहे. हे बंधन न मानता, दिवाणखान्याच्या रंगसंगतीसाठी झाडे विकत आणणे, काळोखात ती झुरू देणे आणि महिन्याने फेकून नवी आणणे, ही चाल हल्ली शहरांतून बोकाळली आहे. तिच्याविरुद्ध तुम्ही बोलाल तर मी तुमच्या शेजारी उभा राहीन.

वैद्यबुवा : ती चाल मला अमानुष वाटते, आणि तुमची बाग तिच्याहून निराळी आहे हे आज मला अधिक स्पष्टपणे दिसले. तरी घरातल्या लहान मुलांच्या दृष्टीने एक इशारा मला दिलाच पाहिजे. डिफेनबाखिया, कॅलेडियम ही अळूच्याच कुळातली. अळूच्या पानाने घसा खवखवतो म्हणून आपण चिंच किंवा आमसूल घालून ते नीट शिजवितो, पण या शोभेच्या पानांत त्याच जातीचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ती काही केल्या खाण्याची नव्हेत. रांगत्या मुलाने डिफेनबाखियाचे पान चावले तर तोंड आणि जीभ सुजते.

रावसाहेब : अगदी रास्त. ज्या घरात रांगते मूल किंवा पाने कुरतडणारे मांजर आहे त्या घरी मी डिफेनबाखिया देतच नाही, आणि इतर कुंड्या हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवण्यास सांगतो. जानेवारीत एम्प्रेस बागेतले पुष्पप्रदर्शन पाहून उत्साहाने रोपे घेणारी मंडळी माझ्याकडे विचारावयास येतात, तेव्हा रंगाची स्तुती करण्याआधी मी ही गोष्ट त्यांच्या कानावर घालतो.

वैद्यबुवा : आता माझा अखेरचा प्रश्न. शहरातले दोन खोल्यांचे बिऱ्हाड आहे, कुंडी ठेवण्यास जागा एकच. त्यांनी काय लावावे? मी निःसंकोचपणे पानओवा सांगेन.

रावसाहेब : मी झाडाचे नाव आधी सांगणार नाही. त्यांची खिडकी कोणत्या दिशेला आहे आणि तिच्यात ऊन किती वेळ येते, हे आधी विचारीन. पूर्वेचे कोवळे ऊन असेल तर कोलियस लावा किंवा तुमचा पानओवा लावा, दोन्ही तेथे सुखी होतील. पश्चिमेची उन्हाळ गॅलरी असेल तर क्रोटन. नुसता उजेड असून ऊन मुळीच येत नसेल तर अ‍ॅग्लोनेमा किंवा मनीप्लांट. अशा जागी पानओवा लांबट, अशक्त होईल आणि त्याचा औषध म्हणून तुम्हालाही उपयोग होणार नाही. पूर्वेच्या खिडकीसाठी आणखी एक सुचवितो. पानओव्याचा पांढऱ्या काठाचा एक प्रकार मिळतो. त्यात तुमचे आणि माझे दोघांचेही समाधान व्हावे.

वैद्यबुवा : माझे होणार नाही. रोग्याला द्यायचे पान मला भरदार आणि पूर्ण हिरवे पाहिजे. काठाच्या शोभेसाठी मी त्यातला कमावता भाग कमी होऊ देणार नाही. निवडीच्या बाबतीत आपला मतभेद आहे तसाच राहील. परंतु उजेडाची चौकशी आधी आणि झाडाची निवड मागून, हा तुमचा नियम मी मान्य करतो. माझ्याकडे रोपे मागण्यास येणाऱ्यांना मी आजवर त्यांचा आजार विचारीत आलो, यापुढे त्यांच्या अंगणातले ऊनही विचारीन. झाडाला काय हवे हे प्रथम, आपल्याला काय हवे हे नंतर, असा क्रम ज्या घरात पाळला जात असेल, त्या घरच्या रंगीत पानांविरुद्धची माझी तक्रार मी आज मागे घेतो.